सामंत काकूंचं डबकं

सामंत काकूंच्या कपाटात, साड्यांच्या वरच्या कप्प्यात, बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा असायचा. त्यात प्लास्टिकच्या लहान पिशव्या आणि प्रत्येक पिशवीत मूठभर ओलसर तपकिरी भुसा. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती तंबाखू वाटायची. ते पीट होतं, दलदलीत कुजून तयार झालेला पालापाचोळा, आणि त्यात माशांची अंडी होती. पाण्याबाहेर, कपाटात, महिनोन् महिने. त्या अंड्यांना बाधू नये म्हणून काकूंनी कपाटातल्या डांबराच्या गोळ्या काढून टाकल्या होत्या. मग दोन रेशमी साड्यांना कसर लागली. काकूंनी त्या साड्यांचे उशांचे अभ्रे शिवले आणि विषय संपवला.

आम्ही देशाबाहेर, मरीन परेडला, एकाच ब्लॉकमध्ये राहायचो. त्या नवव्या मजल्यावर, आम्ही अकराव्या. मी ज्युनियर कॉलेजात होते तेव्हा आईने एकदा चकल्यांचा डबा त्यांच्याकडे पोचवायला सांगितलं. अनोळखी घरी जायचं म्हटलं की मी लिफ्टमध्येच वाक्य जुळवून ठेवते. तेव्हाही ठेवलं होतं. ते बोलायची वेळच आली नाही. काकूंनी दार उघडलं, डबा घेतला आणि माझ्या हातात एक भिंग दिलं. "तुझे डोळे तरुण आहेत. या पिशवीत अंडी किती आहेत ते मोज." मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी अर्धा तास बसून मोहरीहून लहान अंडी मोजली. शाळा कोणती होती, मार्क किती पडले, पुढे काय करणार, मराठी वाचता येतं का, यातलं काहीही त्यांनी विचारलं नाही. मी पुन्हा पुन्हा जात राहिले त्याचं हे एक मोठं कारण.

त्यांचं घर आमच्यासारखंच होतं, फक्त दुसरी बाथरूम वापरात नव्हती. तिथे शॉवरच्या जागी लोखंडी मांडणी होती आणि मांडणीवर काचेच्या अकरा टाक्या. पाहुणे आले की सामंत काका आधीच सांगायचे, "हात धुवायला इकडे या. तिकडे आफ्रिका आहे." काका बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावाने शांत. रोज सकाळी पेपर वाचून झाला की तो घडी घालून टाक्यांखाली अंथरायचे. माशांबद्दल त्यांचं योगदान एवढंच, पण ते त्यांनी एक दिवसही चुकवलं नाही.

मासे म्हणजे किलीफिश. नर अंगठ्याएवढा, शेपटी विटेसारखी लाल, अंगावरचा प्रत्येक खवला निळा आणि त्याला तांबडी कड. मादी मात्र करडी, ओळखू न येणारी. पूर्व आफ्रिकेत पावसाळ्यात भरणाऱ्या एका डबक्यात हे मासे राहायचे. पाऊस पडला की चिखलातली अंडी फुटतात. दीड महिन्यात पिल्लं मोठी होतात, रोज थोडी थोडी अंडी चिखलात पुरत राहतात. मग डबकं आटतं आणि सगळे मासे मरतात. पुढच्या पावसापर्यंत फक्त अंडी उरतात. अशा जाती अनेक आहेत, पण काकूंच्या माशांचं एक ठराविक डबकं होतं, मासे तिथून पहिल्यांदा आणणाऱ्यांनी त्याला नंबर दिला होता, आणि तो नंबर प्रत्येक पिशवीवर असायचा. त्या डबक्यावरून आता रस्ता गेला आहे. त्यामुळे ते मासे जिथे कुठे उरले होते ते लोकांच्या घरांतच, आणि ती घरंही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच.

कोणी ही हकीगत ऐकून हळवं झालं की काकूंना आवडायचं नाही. आईची एक मैत्रीण एकदा टाकीसमोर उभी राहून म्हणाली, बघा ना, मरायचं आणि पुन्हा जन्मायचं, केवढं तत्त्वज्ञान आहे यात. काकू त्या वेळी नळीने टाकीचं पाणी काढत होत्या. त्या मान न वळवता म्हणाल्या, "पुन्हा कोण जन्मतंय? मेले ते मेले. ही त्यांची अंडी आहेत. जरा ती बादली सरकवा."

काकूंना मासे आधी फक्त कालवणातले माहीत होते. त्या मूळच्या मालवणकडच्या. शनिवारी मार्केटमधून बांगडे आणायच्या, ते ओट्यावर साफ करायच्या आणि त्याच हातांनी, अर्थात साबणाने धुऊन, आतल्या माशांना खाणं घालायच्या. यात कोणाला विसंगती दिसली तर त्यांना ती दिसत नसे. पाळायचे मासे त्यांच्याकडे आले ते ऑफिसमधून. हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत त्या मालाची कागदपत्रं तपासायच्या. शेजारच्या टेबलावर मिस्टर लिम नावाचे गृहस्थ होते, काकूंचे लिम अंकल. दोघं वीसेक वर्षं शेजारी बसली आणि त्या काळात बोलली ती बहुतेक कागदांबद्दलच. निवृत्तीनंतर लिम अंकलची तब्येत ढासळली, वृद्धाश्रमात जायची वेळ आली आणि घरच्यांनी टाक्या काढून टाकायचं ठरवलं. तेव्हा ते हा बिस्किटांचा डबा घेऊन काकूंकडे आले. तुम्हीच का, असं मी काकूंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "त्याला मासे आवडणारं माणूस नको होतं. आवडणारी माणसं कंटाळतात. त्याला कागद वेळेवर पुढे सरकवणारं माणूस हवं होतं."

लिम अंकलनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. अंड्यांचे नेहमी तीन वाटे करायचे: एक आपल्याला, एक दुसऱ्या कोणाला, एक राखीव. आणि पिशवीवर तारीख घालायची. लिम अंकल चिनी चांद्रमासाची तारीख घालायचे. पौर्णिमेला अंडी काढायची, ठरलेल्या पौर्णिमेला पाणी घालायचं, म्हणजे लक्षात राहतं. काकूंनी पद्धत तीच ठेवली, महिने फक्त आपले केले. त्यांच्या फ्रीजवर पंचांगाची दिनदर्शिका असायची आणि पिशव्यांवर लाल पेन्सिलीने बारीक अक्षरात 'भाद्रपद पौ.', 'माघ पौ.' असं लिहिलेलं असायचं.

त्यांच्या हट्टीपणाबद्दल ब्लॉकमध्ये बरंच बोललं जायचं, पण तो हट्ट सरसकट नव्हता. एकदा डासांच्या तपासणीला अधिकारी आला. तरुण, गंभीर, हातात टॉर्च. घरात अकरा टाक्या आणि चार बादल्या पाणी बघून त्याचा चेहरा बदलला. काकूंनी त्याला बूट काढायला लावले आणि एकेक टाकी दाखवली. प्रत्येकीत मासे होते, एकाही टाकीत डासाची अळी नव्हती. बादल्यांना जाळी होती. तासभर शोधूनही काही सापडेना. शेवटी तो बाहेरच्या कठड्यापाशी गेला आणि तिथे तुळशीच्या कुंडीखालच्या बशीत बोटभर पाणी निघालं. मी जवळच उभी होते, आणि आता काकू भांडणार असं मला वाटलं. त्या वाकल्या, बशीत बघितलं आणि म्हणाल्या की बरोबर आहे तुझं. बशी तिथेच रिकामी करून त्यांनी ती कचऱ्यात टाकली. तो गेल्यावर काका हळूच म्हणाले, आफ्रिका पास झाली, तुळस नापास. काकूंना हसू आलं नाही. चूक सापडली की त्यांना ती आपली की दुसऱ्याची यात रस नसायचा. ती पुन्हा होऊ नये एवढंच हवं असायचं.

मी नोकरीला लागले त्या वर्षी ज्येष्ठात टाक्यांमध्ये रोग शिरला. माशांच्या अंगावर सोनेरी पूड शिंपडल्यासारखी दिसते आणि दोन-तीन दिवसांत मासा जातो. काकूंनी औषध घातलं, दिवे बंद ठेवले, टाक्या वेगळ्या केल्या. तरी आठवड्यात सगळे गेले. ज्यांना आधीच्या वर्षी वाटे दिले होते त्यांना त्यांनी फोन केले. एकाची अंडी फुटलीच नव्हती, दुसऱ्याने मासे पाळणंच सोडून दिलं होतं. राखीव वाटा त्यांनी वसंतात वापरून टाकला होता. रोग येण्याआधी ज्येष्ठ पौर्णिमेला काढलेली एकच पिशवी उरली. काकूंनी ती डब्यात ठेवली, डबा कपाटात ठेवला आणि रिकाम्या टाक्या एकेक करून गरम पाण्याने धुतल्या. मी मदतीला होते. दिवसभरात त्या एवढंच बोलल्या, "पाच महिने. तोपर्यंत टाक्या कोरड्या राहू देत."

नवरात्रात काकू घरातच पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. ऑफिस सुटल्यावर हॉस्पिटलमध्ये गेले तर ऑपरेशनला नेण्याच्या तयारीत होत्या. काका एका बाजूला फॉर्म भरत होते. काकूंनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "पिशवी तुझ्याकडे. ज्येष्ठ पौर्णिमा लिहिलंय. पाच महिने मोज आणि पौर्णिमेला पाणी घाल. कळलं?" मी कळलं म्हणाले.

ऑपरेशन नीट झालं, पण नंतर ताप आला, आणि कितीतरी दिवस काकू कुठल्या कुठे होत्या. काकांना लिम अंकल समजून कागद मागायच्या. मला ओळखायच्या, पण बोलणं पुरं व्हायचं नाही. पिशवीबद्दल त्यांना विचारणं शक्य नव्हतं, आणि मला त्याची गरजही वाटली नाही. मराठी महिने मला ओळीने पाठ नव्हते. शाळेत आम्ही ते शिकलोच नाही. मी ते शोधून एका कागदावर लिहिले आणि ज्येष्ठापासून मोजले. आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन, कार्तिक. पाच. कार्तिक पौर्णिमेला मी पंखा बंद करून, हात दोनदा धुऊन, त्यांच्या बाथरूममध्ये पीटवर पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लं दिसली. चाळीसच्या वर होती. मी काकांना बोलावलं आणि ते पेपर हातात घेऊनच आले. आम्ही दोघं खूष झालो. संध्याकाळी नीट पाहिलं तेव्हा पिल्लं वर येत नव्हती. तळाशी पोट टेकून, किड्यांसारखी, जागच्या जागी वळवळत होती. पाण्यात तरंगत होती फक्त तीन.

तोवर काकू शुद्धीवर आल्या होत्या. त्यांना चालण्याच्या व्यायामासाठी दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये हलवलं होतं. मी फोनवरचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि मला विचारलं, पाणी कधी घातलंस. मी सांगितलं, काल, कार्तिक पौर्णिमेला. त्यांनी बोटांवर महिने मोजले. मग म्हणाल्या, "अधिक श्रावण धरला नाहीस."

मला अधिक श्रावण हे काय आहे तेच माहीत नव्हतं. त्यांनी मला सावकाश, जणू कागद समजावून द्यावा तसं सांगितलं. त्या वर्षी श्रावण दोनदा आला होता. मी नावं मोजली होती, महिने नाही. पाणी घालायचं होतं कोजागिरीला. अंडी एक महिना जास्त थांबली, आत तयार होऊन बसलेली पिल्लं थकली, आणि थकलेलं पिल्लू बाहेर आल्यावर वर येऊ शकत नाही. कोजागिरीला मी घरात होते, आईने मसाल्याचं दूध केलं होतं, ते मी प्यायले होते. आईला एक प्रश्न विचारला असता तरी पुरलं असतं. मी विचारला नव्हता, कारण मला हे येत नाही असं सांगण्यापेक्षा कागदावर मोजणं मला सोपं वाटलं. हे सगळं मी काकूंना बोलून दाखवलं नाही. सॉरी म्हणाले, तेही इंग्रजीत, आणि रडायला आलं म्हणून खिडकीकडे बघत बसले.

काकूंनी फोन माझ्या हातात परत दिला. मग म्हणाल्या, "कागद माझा चुकीचा होता. तुला तिथी कळते की नाही हे मी विचारलं नाही. शिवाय तिथी हा काही खरा पुरावा नव्हे. अंड्यात डोळे दिसतात. डोळ्याभोवती सोन्याची कड आली की पिल्लू तयार. इतकी वर्षं मी तुला अंडी मोजायला लावली, वाचायला शिकवली नाहीत." आणि लगेच पुढे, त्याच आवाजात, "पीट टाकून तर दिलं नाहीस?"

टाकून दिलं नव्हतं. ते एका चाळणीत तसंच होतं. मग त्यांनी सूचना दिल्या आणि त्या मी फोनवर टाइप करून घेतल्या. सगळी अंडी एका पाण्याने कधीच फुटत नाहीत. काही मागे राहतात, डबक्यातही राहतात, कारण पहिला पाऊस फसवा निघू शकतो. पीट पिळायचं, पेपरावर पसरायचं, ओल तंबाखूइतकी आली की पिशवीत भरायचं. पिशवीवर काय लिहू असं मी विचारलं. नंबर लिही, त्या म्हणाल्या, आणि इंग्रजी तारीख. तळाशी पडलेल्या पिल्लांचं काय करायचं हेही मी विचारलं. ती जगणार नाहीत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. जी तीन तरंगतायत त्यांना दिवसातून दोनदा खाणं घाल.

तिघांतली दोन आठवड्याभरात गेली. एक जगलं, आणि तो नर निघाला. एकटा नर घेऊन काही होत नाही. मी त्याचा व्हिडिओ रोज दाखवायची, काकू तो बघायच्या आणि फिजिओथेरपीला जायच्या. तिथली नर्स मला सांगत होती की या आँटी दहा पावलं सांगितली तर पंधरा टाकतात आणि मग विचारतात, घरी कधी. त्यांना घरी का जायचंय हे नर्सला माहीत नव्हतं. तिला वाटायचं नवऱ्यासाठी.

काकू वॉकर घेऊन घरी आल्या त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पिशवी मागवली. पांढऱ्या बशीत चिमूट चिमूट पीट घेऊन भिंगाखाली बघायला लागल्या. त्यांचे हात आजारपणात कापायला लागले होते, म्हणून बशी मी धरली. पहिली तीन अंडी धुरकट, मेलेली. मग एक काचेसारखं स्वच्छ निघालं. त्यांनी भिंग माझ्याकडे दिलं. आत गोल वळलेलं पिल्लू होतं आणि दोन काळे ठिपके. ठिपक्यांभोवती कड नव्हती. "अजून नाही," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून दर तीन दिवसांनी आम्ही एक बशी बघायचो. काका पेपर अंथरायचे. आई म्हणायची, तिला विश्रांती घेऊ दे ग जरा. मी तसं काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या की इतके आठवडे दुसरं काय केलं.

अठराव्या दिवशी एका अंड्यात सोनेरी कड दिसली. मग आणखी एकात. सहा अंड्यांत दिसेपर्यंत त्यांनी पाणी घालू दिलं नाही. त्यानंतर घातलं ते मीच, त्या वॉकरला धरून बाथरूमच्या दारात उभ्या होत्या.

अकरा पिल्लं निघाली. सात तरंगली. सहा वाढली, त्यातल्या चार माद्या होत्या. जुना नर म्हातारा झाला होता, रंग उतरला होता, तरी त्याला काकूंनी एका मादीबरोबर दोन दिवस ठेवलं. त्याचंही असू दे, म्हणाल्या. चैत्रापर्यंत डब्यात पुन्हा नऊ पिशव्या झाल्या. तिथ्या त्यांनी बंद केल्या.

मग त्यांच्या मुलीने आग्रह धरला. ती ॲडलेडला असते. आई पुन्हा पडली तर बाबांना एकट्याला जमणार नाही, तुम्ही दोघंही माझ्याकडे या, असं तिचं म्हणणं. काका तयार होते. काकूंनी आधी एकच चौकशी केली, ती तिकडच्या कस्टम्सची. माती नाही, पीट नाही, अंडी नाहीत, असं उत्तर आलं. मला वाटलं आता त्या जाणार नाहीत. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "लिम कुठे घेऊन गेला? तोही डबा देऊनच गेला ना."

पुढचा महिना त्यांनी माणसं शोधण्यात घालवला. मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपमधून बरीच जणं आली, फोटो काढले, छान म्हणाली. काकू त्यांना चहा द्यायच्या आणि पिशवी न देता पाठवायच्या. शेवटी तीन वाटे ठरले. एक सेरंगून रोडला फुलांचं दुकान असलेल्या एका तमिळ बाईला, कारण तिने पहिल्याच भेटीत माशांआधी पाण्याबद्दल विचारलं. एक रहीम नावाच्या बस ड्रायव्हरला. आणि एक मला. मला देताना काही समारंभ झाला नाही. मी पुन्हा चुकले तर, असं मी म्हणाले. "चुकशीलच," काकू म्हणाल्या. "म्हणून तर तिघं आहात."

त्या गेल्या तो रविवार होता. सकाळी आम्ही सगळे खाली जमलो. सामान टॅक्सीत ठेवून झालं होतं. काका पुढच्या सीटवर पासपोर्ट हातात धरून बसले होते आणि आई काकूंच्या ओटीत नारळ घालत होती. तेवढ्यात रहीम आला, ड्यूटीला निघालेला, युनिफॉर्ममध्येच. त्याची पिशवी द्यायची राहिली होती. काकू टॅक्सीच्या दाराशी वॉकरला टेकून उभ्या राहिल्या, नारळ आईकडे परत दिला आणि पर्समधून पिशवी काढली. पण ती त्याच्या हातात दिली नाही. आधी त्याला सांगायला लावलं, काय करणार ते.

तो इंग्रजीत सांगायला लागला. डोळे बघणार. सोनेरी कड दिसली की पाणी घालणार, महिने मोजणार नाही. पिल्लं काढून घेतल्यावर पीट पुन्हा सुकवणार. अंड्यांचे तीन वाटे करणार. शेवटी हसून म्हणाला, ओके लाह, आँटी, डोंट वरी.

टॅक्सीवाल्याने घड्याळाकडे बघितलं. काका आतून काहीतरी म्हणाले. काकूंनी कोणाकडेच लक्ष दिलं नाही. माझ्याकडेही बघितलं नाही. पिशवी अजून त्यांच्याच मुठीत होती.

"अगेन," त्या म्हणाल्या. "फ्रॉम द आइज."